गुडघ्यावरची गाठ आणि घाटाचा रस्ता : पनवेल ते पिंपरी

१/
पनवेल येथे १८७२ साली औषधांचा एक कारखाना उभा राहिला. पनवेलहून निघणाऱ्या रस्त्याने बोरघाट चढून पुण्याच्या दिशेने गेले की पिंपरी लागते. तेथे १९५४ साली दुसरा कारखाना स्थापन झाला. दोहोंमध्ये अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे आणि ब्याऐंशी वर्षांचे. एवढ्या अवधीत एका अगदी सामान्य दुखण्याचे भवितव्य बदलून गेले. ते दुखणे म्हणजे गुडघ्यावर येणारी आणि पू धरणारी गाठ. हा धागा त्या गाठीच्या उपचारांचा इतिहास सांगतो.

२/
प्रथम गाठ म्हणजे काय, ते पाहू. गुडघ्याच्या वाटीपुढे, कातडी आणि हाड यांच्या मध्ये, एक पातळ चपटी पिशवी असते. तिच्यात जेमतेम थेंबभर बुळबुळीत द्रव असतो. गुडघा वाकला की कातडी हाडावरून सहज सरकावी, घासू नये, एवढेच तिचे काम. लॅटिन भाषेत थैलीला ‘बर्सा’ म्हणतात, तेच नाव या पिशवीला मिळाले. शरीरात अशा पिशव्या ठिकठिकाणी आहेत. एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो (द्वितीय) यांनी १७८८ मध्ये केवळ या पिशव्यांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

३/
रोज तासन् तास गुडघे टेकून काम करणाऱ्याची ही पिशवी सुजते. इंग्लंडात या विकाराला ‘मोलकरणीचा गुडघा’ असे नाव पडले, कारण फरश्या घासणाऱ्या बायकांमध्ये तो नेहमी दिसे. तिथल्या कोळशाच्या खाणींत, जेमतेम दोन-तीन फूट उंचीच्या बोगद्यात गुडघ्यांवर बसून खणणाऱ्या मजुरांनाही तो होई. आपल्याकडे जमीन सारवणे, चोपण्याने अंगण चोपणे, दगड घडवणे, होडीच्या तळाच्या भेगा बुजवणे, फरशी बसवणे ही सारी कामे गुडघ्यांच्या जिवावर चालत आली आहेत.

४/
नुसती सूज फारशी भयंकर नसते, विश्रांतीने ती उतरते. धोका निराळा आहे. गुडघे टेकणाऱ्याच्या कातडीला खरचटते, काटा किंवा खडा रुततो, भेग पडते. तेवढ्या वाटेने जंतू पिशवीत शिरतात. मग गुडघा लाल होतो, तापतो, ठणकतो, अंगात ताप चढतो. पिशवीतला द्रव पुवात बदलतो. हा पू बाहेर निघाला तर रोगी वाचे. आसपासच्या मांसात, खालच्या सांध्यात किंवा रक्तात पसरला, तर पाय जाई किंवा प्राण जाई. हजारो वर्षे वैद्यांपुढे प्रश्न होता तो या दोन वाटांचा.

५/
पनवेलसारख्या गावात हा प्रश्न किती जवळचा असेल, हे त्या गावाच्या इतिहासावरून कळते. पनवेल हे खाडीवरचे जुने बंदर. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बोटीने पनवेलला उतरे आणि तिथून पालखीने, घोड्यावर अथवा पायी घाटाकडे निघे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि या वाटेवरची वर्दळ आणखी वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते.

६/
भात, मीठ, लाकूड यांची चढउतार येथे चाले. पनवेलला घडलेली गाडीची चाके घाटावरचे गाडीवान आवर्जून घेऊन जात. म्हणजे हमाल, भोई, सुतार, लोहार, आगरी, खलाशी अशा अंगमेहनतीवर जगणाऱ्यांची ही वस्ती. अशा माणसाचा गुडघा पंधरा दिवस धरला, तर पंधरा दिवसांची मजुरी बुडे. पाय कायमचा आखडला, तर घरच बुडे. वैद्यकाच्या ग्रंथांत या गाठीला चार ओळी मिळत असतील, पण कष्टकऱ्याच्या घरात तिचे मोल फार मोठे होते.

७/
आता उपचारांकडे वळू. पू धरणाऱ्या सुजेचे भारतातील सर्वांत तपशीलवार जुने वर्णन सुश्रुतसंहितेत सापडते. गुडघ्याच्या एका विकाराला तिथे स्वतंत्र नावही आहे : क्रोष्टुकशीर्ष. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. वात आणि रक्त यांच्या बिघाडाने गुडघा इतका सुजतो, की तो कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, अशी ती उपमा. बारीक मांडी, खाली बारीक पोटरी आणि मध्ये फुगलेला गुडघा ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा तत्काळ पटते. हे वर्णन प्रामुख्याने सांध्याच्या सुजेचे आहे. सांध्याबाहेरची पिशवी आणि खुद्द सांधा असा भेद तिथे केलेला नाही.

८/
अधिक महत्त्वाचा भाग त्याच संहितेच्या सूत्रस्थानात येतो. कोणत्याही पू धरणाऱ्या सुजेच्या तिथे तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्ची सूज टणक असते, तिचा रंग कातडीसारखाच असतो, ऊब आणि वेदना बेताच्याच असतात. पिकू लागली की सुया टोचाव्यात, मुंग्या चावाव्यात, आगीने भाजावे अशी वेदना होते. बसले तरी चैन नाही, निजले तरी चैन नाही. ताप, तहान आणि दाह सोबतीला येतात.

९/
सूज पिकली की मात्र चित्र पालटते. ठणका कमी होतो, लाली उतरते, वरची कातडी सुरकुतते. बोटाने दाबले की खळगा पडतो आणि पुन्हा भरून येतो. एका बाजूने दाबले की आतला पू पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. बोटांनी करायची ही परीक्षा आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवली जाते. यंत्र नाही, सूक्ष्मदर्शक नाही, केवळ डोळे आणि बोटे यांच्या जोरावर केलेले हे निरीक्षण आहे.

१०/
एवढा तपशील कशासाठी? कारण शस्त्र केव्हा चालवायचे, हाच शस्त्रवैद्याचा खरा प्रश्न होता. कच्ची गाठ कापली, तर मांस, शिरा आणि स्नायू दुखावतात, रक्त वाहते आणि सूज उलट पसरते. पिकलेली गाठ तशीच ठेवली, तर पुवाला बाहेर पडायला दार मिळत नाही. तो खोल उतरतो, आतल्या आत पोकळी करतो आणि वर्षानुवर्षे वाहणारी नाडी, म्हणजे नळीसारखी जखम, मागे ठेवतो. कच्चे कापणारा आणि पिकलेले ठेवणारा, या दोघांचाही संहितेने अतिशय कठोर शब्दांत धिक्कार केला आहे.

११/
उपचारांचा क्रमही ठरलेला होता. आधी सूज जिरवण्याचा प्रयत्न : हलके मर्दन, लेप, जळवा लावून रक्त काढणे. जिरत नसेल तर ती लवकर पिकावी म्हणून गरम पोटीस. पिकली की छेद. मग जखम शुद्ध करणे, ती भरून आणणे आणि शेवटी व्रण कातडीच्या रंगाला आणणे. छेद दिल्यावर काढ्याने धुऊन तीळ, मध आणि तूप यांनी माखलेली वात आत ठेवावी, पट्टी बांधावी, ती तिसऱ्या दिवशी सोडावी, आणि गुग्गुळ, वेखंड, मोहरी, कडुनिंब यांचा धूर द्यावा, असेही सांगितले आहे.

१२/
गुडघ्यावर शस्त्र चालवताना आणखी एक भान ठेवायचे होते. ‘जानु’ हे एक मर्म आहे आणि त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे संहिता बजावते. या इशाऱ्यात मोठे शहाणपण आहे. पिशवी कातडीच्या लगेच खाली असते, सांधा तिच्या मागे. एखादा छेद बोटभर खोल गेला, तर वरचा पू थेट सांध्यात उतरू शकतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गाठीवर हात उगारण्यापूर्वी जाणता वैद्य थबकत असे, तो यामुळेच.

१३/
परंतु ग्रंथातले ज्ञान आणि गावातला उपचार एकच होते, असे समजणे चुकीचे ठरेल. मध्ययुगाच्या ओघात शास्त्र जाणणारा वैद्य शस्त्रापासून दूर गेला. त्याचा भर काढे, भस्मे, गुटिका आणि पथ्य यांवर राहिला. गळू फोडणे, जळवा लावणे, डाग देणे ही कामे न्हावी, वैदू आणि अशाच पिढीजात कारागिरांच्या हाती राहिली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी संहिता वाचलेली नव्हती, पण हाताला सवय होती. ज्याच्याकडे पोथी होती त्याच्याकडे वस्तरा नव्हता, आणि ज्याच्याकडे वस्तरा होता त्याच्याकडे पोथी नव्हती.

१४/
हाताचे हे ज्ञान किती पक्के असू शके, याचा प्रसिद्ध पुरावा पुण्याचाच आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. शस्त्रक्रिया करणारा कोणी पंडित नव्हता, तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला असल्याचे त्या वृत्तांतात नमूद आहे.

१५/
त्या काळचे युरोपही या गाठीच्या बाबतीत फार पुढे नव्हते. तिथेही अळशीचे पोटीस, जळवा आणि पिकल्यावर छेद हाच मार्ग होता. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय सुरू झाले. शरीरविच्छेदन शिकलेले देशी डॉक्टर तिथून बाहेर पडू लागले. १८४७ नंतर क्लोरोफॉर्ममुळे कापण्याची वेदना टळली. पण जखम पुन्हा चिघळण्याचे भय टळले नव्हते. स्वच्छ हात आणि उकळलेली शस्त्रे यांचे महत्त्व अजून सर्वमान्य झाले नव्हते. कित्येकदा सर्जनचे हत्यारच एका रोग्याचा पू दुसऱ्याच्या जखमेत नेत असे.

१६/
१८६७ मध्ये ग्लासगोचे सर्जन जोसेफ लिस्टर यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लेखमाला लिहिली. विषय होता उघडी अस्थिभंगाची जखम आणि गळू यांवर कार्बोलिक आम्लाचा उपाय. सडणे हवेतल्या अदृश्य जीवांमुळे होते, हे पाश्चर यांचे म्हणणे त्यांनी जखमेला लागू केले. गळू फोडायचे, पण कार्बोलिकने भिजवलेल्या आवरणाखाली, म्हणजे पू बाहेर येईल आणि जंतू आत जाणार नाहीत. शस्त्राने वाट करणे जुनेच होते, ती वाट राखण्याची रीत मात्र नवी होती.

१७/
याच सुमारास पनवेलमध्ये वेगळी घडामोड होत होती. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. राजापूरजवळच्या धूतपापेश्वर या देवस्थानाचे नाव त्याला दिले गेले. तोवर वैद्य आपली औषधे आपल्या घरी, आपल्या खलबत्त्यात तयार करी. एका वैद्याची गुटिका दुसऱ्याच्या गुटिकेशी जुळेलच असे नसे. कारखान्यामुळे एकाच पाठाचे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊन दूरवर जाऊ लागले. कलकत्त्यातील डाबर १८८४ ची आणि कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा १९०२ ची, हे लक्षात घेतले म्हणजे पनवेलचे पाऊल किती आधीचे होते ते कळते.

१८/
जागाही सोयीची होती. मागे सह्याद्रीची वनस्पतींनी भरलेली राने, पुढे मुंबईकडे जाणारी खाडी, एका बाजूला घाटावर चढणारा रस्ता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि ती कल्याण-कर्जतमार्गे गेल्याने पनवेलची जुनी वर्दळ ओसरू लागली होती. अशा वेळी हा कारखाना गावाची नवी ओळख ठरला. त्रिफळा गुग्गुळ, गंधक रसायन, दशांग लेप ही आयुर्वेदाची जुनी औषधे पू धरणाऱ्या सुजेवर दिली जात आली आहेत. कारखान्यांच्या युगात अशी औषधे वैद्याच्या ओसरीवरून बाटली-डबीत आली.

१९/
जुने ग्रंथही याच काळात छापखान्यात पोहोचले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हे पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर. त्यांनी वाग्भटाचे अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह १८८० मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. पोथी आणि विच्छेदनाचे टेबल या दोन्हींशी नाते असलेली ही पिढी होती. सुजेच्या तीन अवस्थांचे वर्णन वाचताना त्यातले किती रुग्णालयातल्या अनुभवाशी जुळते, हे तपासण्याची संधी प्रथमच एवढ्या लोकांना मिळाली.

२०/
तिकडे युरोपात गुडघ्यावरचे भय हळूहळू सरत होते. ऑक्टोबर १८७७ मध्ये लिस्टर यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एका रोग्याच्या गुडघ्याची मोडलेली वाटी सांधा उघडून चांदीच्या तारेने जोडली. धडधाकट सांधा मुद्दाम उघडणे म्हणजे रोग्याला मरणाच्या दारात नेणे, असे तेव्हाचे मत होते. रोगी बरा झाला. तीनच वर्षांनी, १८८० मध्ये, ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतू त्यांना दिसले. त्यांना त्यांनी ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले.

२१/
गुडघ्यावरच्या गाठीतला मुख्य शत्रू अखेर सापडला होता. त्याच्या वसाहती सोनेरी दिसतात म्हणून जर्मन शास्त्रज्ञ रोझेनबाख यांनी १८८४ मध्ये त्याला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, असे म्हटले. तो निरोगी माणसाच्या कातडीवर आणि नाकातही वावरतो. पण शत्रू ओळखल्याने लगेच लढाई जिंकता आली नाही. कार्बोलिकसारखी जहाल द्रव्ये जखमेवर ओतता येत, रक्तात सोडता येत नसत. जंतू मांसात पसरला की सर्जन पुन्हा सुश्रुताच्याच जागी येऊन उभा राहत होता : पोटीस बांधायचे आणि पिकण्याची वाट पाहायची.

२२/
या इतिहासातला मर्मबिंदू हाच आहे. पिकलेल्या गाठीचे काय करावे, हे दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते. जंतुनाशकांनी ते काम अधिक सुरक्षित केले. ‘पच्यमान’ अवस्थेत मात्र, म्हणजे ताप चढला आहे, लाली मांडीकडे सरकते आहे, पण कापण्याजोगे काही नाही, अशा त्या दोन-चार दिवसांत, कोणाच्याही हाती काही नव्हते. रोगी जगणार की मरणार, पाय राहणार की जाणार, हे त्याच दिवसांत ठरत असे. पनवेलचा वैद्य, मुंबईचा सर्जन आणि लंडनचा प्राध्यापक तिथे सारखेच हतबल होते.

२३/
ती पोकळी भरून निघाली बुरशीमुळे. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसले, की एका बुरशीभोवती स्टॅफिलोकॉकस वाढत नाही. ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने त्या बुरशीतले पेनिसिलिन वेगळे केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते टोचले गेले. चेहऱ्यावरच्या संसर्गाने तो मरणपंथाला लागला होता. काही दिवसांत तो सुधारला. मग औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून टोचण्यापर्यंत मजल गेली, पण ते अपुरे ठरले आणि मार्चमध्ये तो दगावला. औषध होते, ते पुरेसे नव्हते.

२४/
‘पुरेसे’ हा शब्द स्वतंत्र भारतासाठी फार महत्त्वाचा होता. पेनिसिलिन परदेशातून यायचे, महाग पडायचे. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने भारत सरकारने स्वतःचा कारखाना काढायचे ठरवले आणि जागा निवडली पिंपरी. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे तयार होऊ लागले. शिवाय पिंपरीच्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले.

२५/
पिंपरीत नेमके काय चालत असे? प्रचंड टाक्यांत साखर आणि मक्याच्या अर्कासारखे पोषक द्रव्य निर्जंतुक करून भरायचे, त्यात बुरशी सोडायची, सतत निर्जंतुक हवा खेळवत ठेवायची. काही दिवसांत बुरशी आपले औषध द्रवात सोडते. मग बुरशी गाळून काढायची, द्रवातून पेनिसिलिन वेगळे करून त्याचे स्फटिक करायचे आणि कुप्यांत भरायचे. हवेतला एक परका जंतू आत शिरला तरी अख्खी टाकी वाया जाई. लिस्टर यांनी जखमेसाठी सांगितलेली निर्जंतुकता येथे संपूर्ण कारखान्यासाठी पाळावी लागत होती.

२६/
परिणाम गावोगावी दिसला. गुडघा लाल होऊन ताप चढला, की पिकण्याची वाट पाहण्याऐवजी दवाखान्यात इंजेक्शन मिळू लागले. जळवांचे भांडे आणि पोटीस मागे पडले. पनवेलच्या सुताराला किंवा मिठागरावरच्या आगऱ्याला पूर्वी ज्या दिवसांत केवळ देवाचा धावा करता येई, त्याच दिवसांत आता उपचार करता येऊ लागला. छेद देण्याची वेळच अनेकांवर येईना. एका पिढीत ही गोष्ट इतकी सवयीची झाली, की गुडघ्यावरच्या गाठीने माणूस मरत असे, हेही लोक विसरले.

२७/
जंतू मात्र विसरले नाहीत. फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुरी मात्रा घेतली तर जंतू औषधाला सरावतील. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मेरी बार्बर यांना लंडनच्या एका रुग्णालयात पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस मोठ्या संख्येने आढळले. त्यावर उतारा म्हणून मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारा प्रकार नोंदवला गेला. त्याचेच नाव ‘एमआरएसए’. साध्या पेनिसिलिनने आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस मरत नाहीत.

२८/
म्हणूनच आजचा उपचार सावधपणे चालतो. गाठ लाल, गरम, दुखरी असेल आणि जंतुसंसर्गाची शंका आली, तर डॉक्टर सुईने पिशवीतला द्रव काढून तपासायला पाठवतात : पू आहे का, कोणते जंतू आहेत, कोणते औषध त्यांना लागू पडेल. पीडा पिशवीत आहे की सांध्यात, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे. सांध्यात पू असेल तर गुडघा जरासा हलवला तरी कळ असह्य होते आणि विलंब परवडत नाही. पिशवीपुरतेच असेल तर योग्य प्रतिजैविक, विश्रांती, पाय उंच ठेवणे आणि गरजेनुसार पुन्हा द्रव काढणे एवढ्याने बहुतेक रोगी बरे होतात. शस्त्र शेवटी येते.

२९/
या क्रमात जुन्या ग्रंथाची आठवण होते. आधी परीक्षा, मग जिरवण्याचा प्रयत्न, गरज पडली तरच छेद, मर्म जपायचे, जखम भरेपर्यंत लक्ष ठेवायचे. विचाराचा सांगाडा तोच आहे. बदलले आहे ते परीक्षेचे साधन आणि मधल्या दिवसांतले शस्त्र. ‘सारे आधीच ठाऊक होते’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही, कारण त्या मधल्या दिवसांत असंख्य माणसे गेली. ‘आधी काहीच ठाऊक नव्हते’ हेही तितकेच खोटे आहे, कारण बोटांची ती परीक्षा अजून वापरात आहे.

३०/
आजचे पनवेल २०१६ पासून महानगरपालिका आहे. नवी मुंबईच्या वाढीबरोबर खारघर, कामोठे, कळंबोलीत इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींच्या प्रत्येक मजल्यावर कोणीतरी गुडघे टेकून फरशी बसवली आहे आणि कोणीतरी रोज ती पुसते आहे. भोई आणि गाडीवान गेले, गुडघ्यांवरचे काम राहिले. गुडघ्याखाली जाड गादी किंवा पट्टा बांधणे, खरचटले तर लगेच साबणपाण्याने धुणे, आणि लाली किंवा ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, हे स्वस्त उपाय या कामगारांपर्यंत पोहोचले, तर पुढचे बरेच टळते.

३१/
प्रतिजैविकांचा सैल वापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये औषध नियमांत ‘एच-१’ ही अनुसूची आणली. तिच्यातली औषधे देताना विक्रेत्याला चिठ्ठी पाहून स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला. तरी दुकानातून दोन गोळ्या मागून घेणे आणि बरे वाटताच मनाने थांबवणे सुरूच आहे. औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. ही शिस्त नुसती कायद्याची बाब नाही. पिंपरीच्या टाक्यांतून जे मिळाले, ते टिकवण्याचा तोच मार्ग आहे.

३२/
पनवेल आणि पिंपरी यांना जोडणारा जुना रस्ता आजही वाहता आहे, शेजारून द्रुतगती मार्गही गेला आहे. त्याच्या एका टोकाला जुने पाठ कारखान्यात आणणारा प्रयत्न झाला, दुसऱ्या टोकाजवळ बुरशीचे औषध देशात तयार करणारा. दोन्ही प्रयत्नांमागे हेतू एकच होता : औषध सर्वांना, पुरेसे आणि खात्रीचे मिळावे. गुडघ्यावरची गाठ आता किरकोळ समजली जाते. तिला किरकोळ करणारी औषधे जंतूंपुढे निष्प्रभ ठरली, तर गाठ पिकण्याची वाट पाहत बसण्याचे ते जुने दिवस परत येतील.